वाघाचं काय करायचं

शाळाशाळांतून माझ्या कादंबरीवर बोलायला बोलावणी येतात, तेव्हा मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाई, शेवटी त्या दोघांचं लग्न का नाही लावलं? एखादी धीट पोर तर तोंडावर सांगते की एवढं प्रेम दाखवायचं आणि मग वाऱ्यावर सोडायचं, हे काही बरोबर नाही. मी तिला बस म्हणते, थोडंसं सांगते आणि वेळ मारून नेते. खरं सांगायला बसलं तर तासाभरात मावत नाही. आता कुणी घंटा वाजवणारं नाही, म्हणून सगळं सांगते.

मी अवसरी बुद्रुकची सून. डिंभ्याच्या धरणापलीकडे, डोंगरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. मंचरपर्यंत स्कूटी, पुढं घोडेगावावरून एसटी नाहीतर जीप, जे आधी मिळेल ते. वर्गातल्या मुलींना परदेशातले राजवाडे आणि त्यावर घिरट्या घालणारे ड्रॅगन फोनवर बघून तोंडपाठ; नाणेघाट मात्र त्यांच्या लेखी पावसाळ्यात रील काढायची जागा. ज्या वाटेनं कोकणातून बैलांचे तांडे वर यायचे, जिथं जकात गोळा करायचा दगडी रांजण अजून बसलाय, त्या जागेत यांना एकही गोष्ट दिसू नये याचा मला राग आला. आणि मला राग आला की मी काहीतरी करून बसते. लग्नही तसंच केलंय.

मग मी कादंबरी लिहायला घेतली. काळ सातवाहनांचा. घाटाच्या माथ्यावर जकात गोळा करणाऱ्या माणसाची सोळा-सतरा वर्षांची पोर. तिच्या अंगात एक विद्या असते: ओल्या मातीतल्या कुठल्याही पावलाच्या ठशावर तळहात ठेवला की ते पाऊल कुणाचं, तो कुठून आला, हे तिला दिसतं. एकदा पाण्याच्या टाक्यापाशी ती वाघाच्या ठशावर हात ठेवते, आणि तिला दिसतो ओंजळीनं पाणी पिणारा एक तरुण. दिवसा वाघ, दिवेलागणीला माणूस. पुढं काय होणार ते कुणालाही कळेल. कळूनही पानं उलटावीशी वाटली पाहिजेत, एवढीच माझी धडपड.

ही धडपड पहिल्यांदा ऐकली ती माझ्या थोरल्या जावेनं. आम्ही दोघी जावा एकाच घरात. मी त्यांना अक्का म्हणते. अक्का दहावीपर्यंत शिकलेल्या. वाचायला निवांतपणा कुठला, पण ऐकायला कान कायम मोकळे. रविवारी दुपारी त्या लसूण सोलायला, नाहीतर शेंगा फोडायला पडवीत बसल्या की मी फोनवर लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवायची. त्यांचा शेरा तिथल्या तिथं.

"नुसतं बघतीयच व्हय ती त्येच्याकडं?" एकदा म्हणाल्या. "चार पानं झाली. दोन शबूद तरी बोलू दे."

"अक्का, तेव्हाच्या मुली लाजायच्या."

"तवाच्या तू बघायला गेली व्हतीस का? लाजंल आन् बोलंल. दोन्ही करता येतं."

मी रागावले आणि प्रकरण पुन्हा लिहिलं. चांगलं झालं. तेव्हापासून ठरून गेलं की अक्कांनी ऐकल्याशिवाय एकही प्रकरण पुढं सरकणार नाही. त्या वाघावर तर त्यांचा इतका जीव जडला की गाईला वैरण टाकता टाकता विचारायच्या, "आज भेटला का गं तिला?" मोठे दीर एकदा दचकून बघायला लागले, कोण भेटला म्हणून. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पुण्यातल्या एका प्रकाशकांना मी निम्मी कादंबरी पाठवली. त्यांना आवडली. शेवटाबद्दल मात्र त्यांचं मत आधीच पक्कं होतं. "मॅडम, तरुण वाचक आहेत आपले. शापातून सोडवा त्याला, लग्न लावून द्या. लोक खूश होतील, दुसरा भाग काढू." मी म्हटलं बघते. मलाही तेव्हा तसंच काहीतरी डोक्यात होतं.

आणि मग त्या सकाळी अक्कांवर वाघ पडला.

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. उसात त्यांचे वेत होतात, पिल्लं तिथंच मोठी होतात, त्यांना जंगल म्हणजे ऊसच. अक्का गाईंच्या वैरणीसाठी लावलेल्या घासाच्या वावरात उकिडव्या बसून विळ्यानं घास कापत होत्या. उसाच्या कडेनं आला आणि पाठीमागून मानेवर झेपावला. थंडीचे दिवस होते म्हणून डोक्याला, मानेला जाड टॉवेल गुंडाळलेला, त्यानं वाचल्या. अक्कांनी विळा मागं फिरवला, कुठं लागला देव जाणे, ओरडणं ऐकून शेजारच्या वावरातले लोक धावले तोवर तो उसात घुसलाही. मी शाळेच्या वाटेवर जीपमध्ये होते. फोन आला तशी उतरले आणि उलट्या गाडीनं मंचरला दवाखान्यात पोचले. अक्का खाटेवर पालथ्या होत्या. मानेला आणि खांद्याला टाके. मला बघून म्हणाल्या, "तोंडाचा वास लई वाईट असतो गं त्येच्या." एवढंच. रडल्या नाहीत. मीच बाहेर जाऊन रडले.

पिंजरा लावला, एक बिबट्या अडकला, लांब नेऊन सोडला म्हणे. तोच होता की दुसरा, कुणाला सांगता येतंय? टाके निघाले, जखमा भरल्या. पण अक्का वावरात जायच्या बंद झाल्या. आधी आम्ही म्हटलं, कशाला जाता, आराम करा. मग महिने उलटले. पाऊस येऊन गेला, गणपती आले नि गेले, तरी त्या गोठ्याच्या पलीकडं पाऊल टाकेनात. घास आणायचं काम मोठ्या दिरांवर पडलं. ज्या बाईनं सगळं शेत अंगावर ओढून केलं, ती उसाचं पान सळसळलं की दाराआड जायची. मला ते बघवायचं नाही. आणि कादंबरीचं नावही मी त्यांच्यापुढं काढत नव्हते. कुठल्या तोंडानं काढणार? गोष्टीतला वाघ तेव्हा पोरीला जांभळं आणून देत होता.

शेवटी विषय त्यांनीच काढला. शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्येला मारून टाक."

"कुणाला?"

"तुझ्या वाघाला. भाले घेऊन गाव जमा कर आन् मार. न्हाईतर मला पुन्हा वाचून दावू नकोस."

मला प्रकाशकांचं काही वाटलं नसतं, पण हे शब्द अक्कांचे होते. म्हणून मी बसले आणि मारला. सगळं गाव जमवलं, मशाली पेटवल्या, भाले फेकले, पोर आडवी पडून आकांत करतेय असं सगळं लिहिलं. अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेला?"

"मेला, अक्का."

"बरं झालं," म्हणाल्या. उठल्या, आत गेल्या, दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही वावराकडं फिरकल्या नाहीत, तिसऱ्याही नाहीत. मला वाटलं होतं मारल्यानं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. कसलं काय. उलट आता रविवारी आमच्याकडं वाचायलाही काही उरलं नाही. तिकडं प्रकाशकांचे फोन चालू: लग्न झालं का, मॅडम? मी म्हणायची, अजून याद्या चालल्यात. अक्कांना तो मेलेला हवा, प्रकाशकांना नवरदेव झालेला, आणि मला या दोन्हीतलं एकही पटत नव्हतं. पण मी हटून बसले होते. अक्का मनापासून हं म्हणत नाहीत तोवर एक ओळही पुण्याला जाणार नाही, मग पुस्तक निघो की न निघो.

दिवाळीच्या तोंडावर शाळेत एक पालक बाई आल्या. त्यांच्या गावात वाघबारस असते, बाई, खीर खायला या, असं आमंत्रण दिलं. वसुबारसेच्या दिवशी खाली आम्ही गाय-वासराची पूजा करतो आणि वर डोंगरात वाघोबाची. मी घरी सहज सांगितलं, तर अक्कांचे हात थांबले.

"वाघाला खीर घालत्यात?"

"नैवेद्य दाखवतात. मग सगळे मिळून खातात."

"मला ने."

"अक्का, तुम्हाला त्रास होईल."

"माझ्या मानंत दात घातलं त्येनं. त्येच्या देवाला चार शिव्या घालायच्यात मला. नेतीस का एकटी जाऊ?" महिनोन्‌महिने गोठा न ओलांडलेली बाई एकटी डोंगरात जायची भाषा करते म्हटल्यावर न्यायलाच हवं. गायीची पूजा सासूबाईंवर सोपवली आणि आम्ही निघालो.

गाव धरणाच्या वरच्या अंगाला. भात काढणीला आलेलं, खाचरांतून पिवळं झालेलं. वाघोबाचं ठाणं गावाच्या शिवेवर, झाडाखाली: शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ, वर चंद्र आणि सूर्य कोरलेले. घराघरातून दूध गोळा केलेलं, नव्या तांदळाची खीर मोठ्या पातेल्यात शिजत होती. अक्का तडक दगडापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तोंड सुटणार. पण त्या दगडावरचा वाघच निरखत राहिल्या. शेजारी आमंत्रण देणाऱ्या बाई होत्या. त्यांची नजर अक्कांच्या मानेवर गेली आणि त्या काही न विचारता बाजूला सरकल्या.

नैवेद्य झाल्यावर खेळ असतो. गावातली पोरं अस्वल होतात, कोल्हा होतात, आणि एक जण वाघ. त्या वर्षीचा वाघ म्हणजे चाकणच्या कंपनीतनं सुट्टी काढून आलेला एक दाढीवाला तरुण. अंगभर राख, त्यावर काजळीचे ठिपके, मागं दोरीचं शेपूट, आणि मनगटावरचं घड्याळ काढायचं राहून गेलेलं. तो हातापायांवर चालत, गुरगुरत ठाण्यापाशी येतो. मग गुराखी काठ्या आपटून त्याला विचारतात, आमच्या शिवेवर परत येशील का? त्यानं म्हणायचं, नाय येणार. मग हुर्यो करत त्याला शिवेपलीकडं पळवून लावायचं. शीव ओलांडली की तो उभा राहून हसत माघारी येतो आणि खीर खातो. मी हे आधी दुसऱ्या गावांत दोनदा पाहिलेलं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष खिरीवर.

त्या गावाची एक पद्धत मात्र मला ठाऊक नव्हती. वर्षात ज्याचं जनावर वाघानं नेलं, विचारायचा पहिला मान त्याचा. त्या साली आमंत्रण देणाऱ्या बाईंची शेळी गेली होती. त्यांच्या हातात काठी दिली गेली. त्यांनी ती घेतली, आणि सरळ अक्कांच्या हातात ठेवली.

"माझी शेळीच गेली, ताई," म्हणाल्या. "तुमी इचारा."

अक्कांनी काठी घेतली. समोर तो रंगवलेला पोरगा हातापायांवर, गुरगुरत. अक्कांनी मानेवरचा पदर बाजूला केला, ते वण त्याच्यापुढं धरले आणि विचारलं, "आमच्या शिवंवर पुन्हा येशील का?"

पोरगा गुरगुरायचा थांबला. त्यानं ते वण बघितले आणि खेळबीळ विसरून उभा राहिला. दोन पायांवर, सगळ्यांसमोर. "नाय येणार, ताई," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

गलका झाला. एक म्हातारबाबा चिडले. "आरं, उटला कामून? शीव वलांडल्याबिगर वाघानं उटायचं न्हाई. ह्यो सबूद वाघाचा न्हाई झाला, मानसाचा झाला. बस खाली, पुन्हा बोल." पोरगा ओशाळून पुन्हा वाकायला लागला.

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. "उभं राहून सांगितलंय त्येनं. मला पुरं हाय."

म्हातारबाबा पुटपुटत राहिले, पण ऐकलं त्यांनी. मग पोरांनी हुर्यो करत त्याला पळवला, तो शिवेपलीकडच्या गवतात शिरला, आणि अक्का काठी टेकून तो दिसेनासा होईस्तोवर बघत होत्या. खीर दोन वाट्या खाल्ली. देवाला शिव्या द्यायच्या राहून गेल्या.

परतीच्या जीपमध्ये घोडेगाव आलं तशा अक्का म्हणाल्या, "नाव काय गं त्येचं?"

"त्या पोराचं? नाही विचारलं मी."

"न्हाई गं. तुझ्या वाघाचं. इसरले बघ."

मी सांगितलं.

"जिता कर त्येला," म्हणाल्या.

"अक्का, तुमच्याच सांगण्यावरून मारला. भाले मारून मारला. आता असा कसा उठवू?"

"मारला कुनी? तूच ना? मग तुझ्याच हातात हाय. नाटकं नको करूस."

जीपमधले लोक वळून बघायला लागले. दोन बायका खुनाबद्दल बोलताहेत असंच वाटलं असणार त्यांना.

दिवाळीची सुट्टी पडली आणि मी बसले. फराळाचं सगळं अक्कांनी आणि सासूबाईंनी बघितलं, मला चकलीच्या सोऱ्यालाही हात लावू दिला नाही. भाल्यांचं प्रकरण उडवलं. नवीन शेवटात गाव वाघाला मारायला निघतं, तेव्हा पोर आडवी होते आणि म्हणते, मला आधी त्याला विचारू द्या. शिवेवर त्याच्यासमोर उभी राहते आणि ज्याची आयुष्यभर वाट बघायची तिची तयारी होती, त्यालाच विचारते, परत येशील का? तो वाघ भर उन्हात, सगळ्यांसमोर माणूस होऊन उभा राहतो. तिला खोटं सांगणं त्याला जमत नाही, आणि आपण आलो की गावाची गुरं-माणसं जातात हे त्याला ठाऊक असतं. तो नाही म्हणतो. आणि माणसाच्या पायांनी शीव ओलांडून जातो.

प्रकाशकांना फोनवर हे सांगितलं. "मॅडम, नायक निघून जातो? मुली नाराज होतील. निदान दुसऱ्या भागात येईल अशी आशा तरी ठेवा."

"नाही येणार म्हणालाय तो, सर. शब्द दिलाय."

"शब्द तुम्हीच लिहिलाय ना."

"म्हणूनच पाळायचा. छापायचं तर हेच छापा, नाहीतर फाइल परत करा. मी दुसरं दार बघते." ते विचार करतो म्हणाले. करा म्हटलं. पण शेवटाची फाइल मी अजून पाठवलीच नव्हती. अक्कांचं ऐकायचं राहिलं होतं.

भाऊबीज उरकल्यावर एका दुपारी पडवीत बसून वाचलं. अक्का जोंधळा निवडत होत्या. पोर विचारते तिथं त्यांचा हात सुपातच थांबला. तो उभा राहतो तिथं त्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि मग रडल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, ते सगळं त्या दुपारी रडून घेतलं. मी फोन बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं नाक पुसून म्हणाल्या, "मंग?"

"मग काय? संपलं."

"दुसऱ्या दिवशी काय करती ती?"

"अक्का, गोष्ट तिथं संपते."

"तुझी संपली आसंल. ती काय तिथंच बसून ऱ्हायली व्हय? दावणीला गाया हायत का न्हाई तिच्या? त्यांना वैरन कोन घालनार?"

"तिला भीती वाटेल की. आणि आठवणसुद्धा येईल. तिथंच भेटायचा तो तिला."

"वाटू दे भीती. येऊ दे आठवन. गायांनी काय त्याच खायच्या का?" मग माझ्या फोनकडं बोट केलं. "लिव. दुसऱ्या दिवशी उजाडलं तशी ती इळा घेऊन गवताला गेली. बास."

मी लिहिलं. त्यांच्यासमोर, जसं सांगितलं तसं, फक्त इळ्याचा विळा केला. मग त्यांच्याकडं बघितलं.

"हं," अक्का म्हणाल्या. "आता धाड."

मी धाडलं. प्रकाशकांनी त्या शेवटच्या ओळीवरही नाक मुरडलं, फारच साधी आहे म्हणाले, पण छापली. पुस्तक आता मुलींच्या हातात आहे आणि त्या माझ्याशी भांडतात, ते मला आवडतं.

धाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत ओट्यावर उभी होते. अक्का गोठ्यातून आल्या, वळचणीला खोचलेला विळा काढला, धारेवर अंगठा फिरवला आणि घासाच्या वावराकडं निघाल्या. मी तशीच चूळ भरून पाठीमागं धावले.

"थांबा, अक्का. मी येते बरोबर."

"कशाला?" त्या चालता चालताच म्हणाल्या. "तुला घास कापता येतो व्हय?"